कार्डावर घेतलेलं चारित्र्य

बायकोने विचारलं, "बँकेच्या फॉर्मवर सह-अर्जदार म्हणून तुमचं नाव घालू ना?" आणि मी पेपरातून डोकं न काढता "घाल की" म्हणालो. पुढे जे काही झालं ते सगळं या दोन शब्दांमुळे. (लग्नाच्या वेळीही मी असाच दोन शब्दांत होकार दिला होता, पण तो विषय इथे नको.)

आधी परिस्थिती सांगतो. ही कपडे शिवते. त्याहीपेक्षा, लोकांच्या बदलत्या अंगाप्रमाणे कपडे बदलून देते. सैल झालेले घट्ट करते, आणि बहुतेक वेळा घट्ट झालेले सैल. हा सगळा कारभार आमच्या पुढच्या खोलीत चालतो. खिडकीशी मशीन, सोफ्यावर गठ्ठे, दारामागे एका बाहीचे कोट. ट्रायल रूम म्हणजे आमची बेडरूम. त्यामुळे गिऱ्हाईक आत असेपर्यंत घरधनी बाल्कनीत. त्या बाल्कनीत मी चहा प्यायलोय, दाढी केलीय आणि एकदा तर अंगात ताप असताना ब्लँकेट पांघरून उभा राहिलोय, कारण आत कोणा नवऱ्या मुलीला आरशासमोरून हलायचं नव्हतं.

म्हणून कोपऱ्यावरचा गाळा विकायला निघाला तेव्हा मला बाल्कनीतून सुटका दिसली आणि हिला बरंच काही दिसलं. इस्त्रीचं टेबल कुठे, आरसा कुठे, पडदा कोणत्या रंगाचा, हे तिचं केव्हाच ठरलं होतं. येताजाता ती त्या बंद शटरसमोर थांबायची आणि मी पिशव्या धरून तिच्या मागे. आता फक्त कर्ज मिळायचं बाकी होतं. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढू, बघू आणि पुढच्या महिन्यात बोलावू.

मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. लोक खरं बोलतायत की थापा मारतायत, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. (हे मुद्दाम सांगतोय. पुढे माझी कीव करायला सोपं जाईल.) आमच्याकडे शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, त्यांना सगळे ज्ञानकोश म्हणतात. जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांना माहिती असते, त्यांच्या स्वतःच्या फायली सोडून. त्यांना मी सहज विचारलं, की या क्रेडिट रिपोर्टात नक्की काय काय असतं.

ज्ञानकोशांनी चष्मा काढून पुसला. "सगळं असतं. कार्ड कुठे घासलं, कशासाठी घासलं, किती वाजता घासलं. त्यावरून माणसाचं चारित्र्य काढतात आणि मग कर्ज देतात."

तसं माझं चारित्र्य वाईट नाही, पण कार्डावरचं चारित्र्य वेगळं असतं. घरी मी साखर सोडलेली होती. हिने मोठ्या कौतुकाने हे माझ्या सासूबाईंनाही सांगितलं होतं. मात्र ऑफिसच्या खालच्या बेकरीत मी दुपारी एक क्रीम पेस्ट्री खात होतो, आणि सुटे पैसे नसल्याने ती कार्डावर खात होतो. शिवाय टकलावर केस उगवणारं एक तेल होतं. (उगवले नाहीत, म्हणून पुन्हा मागवलं होतं.) आणि मोबाइलवरच्या एका गेममध्ये मी खऱ्या पैशांनी एक खोटी तलवार विकत घेतली होती. हे सगळं बँकेच्या बाई हिच्यासमोर चष्म्यावरून बघत मोठ्याने वाचतायत, असं चित्र मला दिसायला लागलं. "पेस्ट्री. पेस्ट्री. तेल. पेस्ट्री. तलवार." आणि त्यापायी हिचा गाळा हातचा जाणार.

झालेलं पुसता येत नव्हतं, पण पातळ करता आलं असतं. लोक दुधात पाणी घालतात, मी पाण्यात दूध घालायचं ठरवलं. पेस्ट्री त्याच दिवशी बंद केली आणि महिनाभर त्या कार्डावर फक्त अशाच वस्तू घ्यायच्या ठरवल्या, की वाचणाऱ्याने म्हणावं, काय सज्जन माणूस आहे.

पहिल्यांदा चालायचे बूट घेतले. माणूस तब्येतीची काळजी घेतो, कर्ज फेडेपर्यंत टिकेल. मग रक्तदाब मोजायचं मशीन. मग जगाचा इतिहास, जाड पुठ्ठ्याच्या खंडांमध्ये. ते खंड ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून एक कपाट. (कपाटातूनही स्थैर्य दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं.) त्यानंतर एक लाल अग्निशामक. घरात अग्निशामक ठेवणारा माणूस हप्ते बुडवेल का? आणि शेवटी मी माझा हुकमाचा एक्का काढला. सासूबाईंना पाय चेपून देणारी एक मोठी खुर्ची पाठवली. ज्या माणसाच्या कार्डावर सासूसाठी खुर्ची आहे, त्याला कर्ज नाकारणारी बँक अजून जन्माला यायची होती.

खुर्ची पोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. आधी त्या माझ्याशी बोलल्या आणि "जावईबापू, स्वतःला जपा" एवढंच म्हणून थांबल्या. मग हिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. मी मनात म्हटलं, कौतुक चाललंय.

त्यानंतर घरात माझी किंमत एकदम वाढली. टीव्हीचा रिमोट न मागता माझ्या हातात यायला लागला. भाजीतलं मीठ कमी झालं, पण वाढताना ताटात ती एक चमचा जास्त पडायला लागली. बूट घालून निघालो की ही दारापर्यंत यायची आणि "फार लांब नका जाऊ" म्हणायची. सगळ्यात आश्चर्य म्हणजे बाल्कनी सुटली. गिऱ्हाईक आलं की ही त्यालाच घेऊन शेजाऱ्यांकडे जायची, मला म्हणायची, तुम्ही पडून राहा. मी पलंगावर पडून जगाचा इतिहास उघडायचो आणि दोन पानांत झोपायचो. चांगल्या चारित्र्याचे फायदे एवढे लगेच मिळतात हे आधी कोणी सांगितलं असतं, तर मी तरुणपणीच सुरुवात केली असती.

एकदा ती मशीनवर बसली होती आणि मशीन मात्र चालत नव्हतं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, डोळ्यांत धागा गेलाय. मी म्हटलं, फुंकर घालू का. तर जास्तच रडली. त्याच संध्याकाळी तिने गाळ्याचा विषय काढला. म्हणाली, दुकान काय, पुढेमागे बघता येईल, एवढी काय घाई आहे. मी तिला धीर दिला. म्हटलं, तू काही काळजी करू नकोस, माझ्याकडून सगळी तयारी झालीय. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी लगेच रक्तदाब मोजून घेतला. नॉर्मल होता.

बँकेतून बोलावणं आलं तेव्हा मी नवे बूट घालून गेलो. बाईंना सर्दी झाली होती. एका हातात रुमाल, दुसऱ्या हाताने त्या स्क्रीनवर काहीतरी सरकवत होत्या. मी चेहऱ्यावर थोडा संकोच आणून ठेवला, खुर्चीचा विषय निघाला की लागेल म्हणून.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमचं कार्ड जुनं आहे, वर्षानुवर्षं वापर अगदी बेताचा आणि बिल वेळेवर. असा रिपोर्ट बघायला बरं वाटतं. पण आताच्या बिलात तुम्ही जवळजवळ सगळी मर्यादा वापरलीय. त्यामुळे स्कोअर बराच खाली आलाय. घरात अचानक काही अडचण आली का? आजारपण वगैरे?"

माझ्या शेजारून हुंदका ऐकू आला.

"आम्हाला कर्ज नको," ही म्हणाली. "दुकान नको मला. यांच्या औषधपाण्याला पैसे लागतील."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"तुमच्या. आता तरी लपवू नका हो. कसलं आहे ते सांगा, आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही. तिने पदराने डोळे पुसत एकेक गोष्ट मोजली. चालायला लागलात, रक्तदाब मोजता, कधी नव्हे ते जाड पुस्तकं वाचता, घराला आग लागली तर मागे राहिलेल्यांचं काय म्हणून तेसुद्धा आणून ठेवलंत, आणि माझ्या आईला खुर्ची पाठवलीत. "माझ्या आईला," ती बाईंकडे वळून म्हणाली. "शेवटची निरवानिरव असल्याशिवाय कोणता जावई असं करतो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विमा कंपनीत माझ्यासमोर बसणारे लोक खरं सांगण्याआधी जसे खुर्चीत हलतात, तसा मी हललो आणि सगळं सांगितलं. ज्ञानकोश, पेस्ट्री, तेल, तलवार आणि पाण्यात घातलेलं दूध.

बाईंनी रुमाल तोंडावर धरला. सर्दीसाठी नसावा. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव होतं, कार्ड कधी घेतलं ते होतं, मर्यादा, बाकी, आणि महिन्यामहिन्याला बिल वेळेवर भरलं की नाही याचे चौकोन होते. बेकरी कुठे नव्हती. पण इतिहासाचे खंडही कुठे नव्हते, आणि सासूबाईंची खुर्चीसुद्धा नव्हती.

"कोणत्या दुकानात काय घेतलं, हे यात येतच नाही," बाई म्हणाल्या. "किती वापरलं आणि फेडलं की नाही, एवढंच दिसतं. तुम्ही पेस्ट्री खात होतात तेव्हा फार चांगले होतात. या महिन्यात बिघडलात."

मी हबकलो, पण त्याबरोबर हलकंही वाटलं. "म्हणजे मी काय काय घेतो, हे कोणालाच दिसत नाही?"

"आम्हाला नाही दिसत."

"मला दिसतं," ही म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "कार्डाचं स्टेटमेंट तुमच्या ईमेलवर येतं. पासवर्ड तुम्ही कायम विसरता, मग तो बदलते कोण? पेस्ट्री मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून तर घरात गोड करत नव्हते. पण या वेळी बेकरीची एकही ओळ दिसली नाही, तेव्हा मात्र मी घाबरले. म्हटलं, पेस्ट्री सोडली म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी भयंकर सांगितलंय."

मी आपला चारित्र्य विकत घेत होतो आणि ही माझ्यासाठी पडद्याच्या रंगापर्यंत मनात सजवलेला गाळा मुकाट्याने सोडायला निघाली होती. मी टेबलाखालून तिचा हात धरला. तिने तो धरू दिला आणि मग जोरात चिमटा काढला, तेव्हा मला खात्री पटली की आता सगळं ठीक आहे.

मी बाईंना कळकळीने विचारलं, की माझ्या मूर्खपणामुळे हिचं कर्ज अडणार नाही ना? मी बूट सोडून सगळं परत करतो, बिल भरून टाकतो. खुर्ची मात्र मागता येणार नाही, तेवढं समजून घ्या. बाई म्हणाल्या, बिल भरलंत की स्कोअर हळूहळू वर येईल. मग त्यांनी हिचा रिपोर्ट उघडला, हिच्या धंद्याचे कागद चाळले, काहीतरी आकडे टाकले आणि शिंकल्या.

"ताई, तुमचं सगळं इतकं स्वच्छ आहे, की तुमच्या एकटीच्या नावावर कर्ज बसतंय. सह-अर्जदार लागतच नाही. उलट साहेबांचं नाव काढलं, तर तुम्हाला व्याज थोडं कमी पडेल."

हिने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "काढा," म्हणाली.

बाईंनी नवा फॉर्म छापून समोर ठेवला. हिच्या पर्समध्ये खडू होता, टेप होती, टाचण्या होत्या, पेन नव्हतं. मी घाईघाईने खिशातलं दिलं. त्या कर्जात माझा वाटा काय, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, सही माझ्या पेनने झालीय. पेन अजून दुकानात आहे. मी एकदा मागायला गेलो होतो, तर आत ट्रायल चालू होती, मला फुटपाथवर उभं केलं.