पंधरावर उतरलेल्या चिंचेची बखर

सरस्वती प्रसन्न असो वा नसो, घडलें तैसें लिहितों. शके एकोणीसशें बारा, पौष मास, दहावीचे राज्यीं खानझोडे सर गादीवर असतां अंतर्गोल आरशाची मोहीम निघाली. सरांनीं आज्ञा केली जे, आरसा खिडकीकडे धरावा आणि कागदाचा पडदा पुढें-मागें करावा, मग मैदानापलीकडची चिंच पडद्यावर उलटी, लहान आणि स्पष्ट उतरेल, तें अंतर मोजावें, तेंच नाभीय अंतर. ज्याचें काम चोख त्यास जिल्ह्याचे विज्ञान प्रदर्शनास धाडूं. परंतु त्या राज्यीं पूर्वापार चाल ऐसी जे, मोजीत कोणी नसे. मागील सालची वही पुढील सालास वारशानें येई, तींत वीस सेंटिमीटर असे, मग सर्वांनीं वीस लिहावें. एक मंदाकिनी टेंभुर्णे मात्र खरेंच मोजावयास बसली. तिला प्रदर्शनाची बहुत आस, आणि पडदा धरावयास तिजबरोबर मी होतों. चिंच पंधरावर उतरली आणि फांदीस अडकलेला पतंगसुद्धां उलटा दिसला. तो मीं या डोळ्यांनीं पाहिला. मग तिनें पंधरा लिहिलें आणि मीं वीस लिहिलें.

सर वही पाहोन कोपले. म्हणाले, "दरसाल वीस येतं. तुझंच पंधरा कसं आलं?"

ती म्हणाली, "सर, तीनदा मोजलं. यानं बघितलंय, त्याला विचारा."

सरांनीं मजकडे पाहिलें. मी म्हणालों, "माझं वीस आलं, सर."

मग पंधरा खोडून तिनें वीस लिहिलें, आणि प्रदर्शनास मी गेलों.

पुढें माघांत शिपाई दगडूजी आरसे पुसतां बोलिले, "सर, जुना आरसा दिवाळीत माझ्या हातून फुटला ना. हा नवा आणला, मागं पंधरा लिहिलंय बघा." सर थोर मनाचे, भर वर्गांत म्हणाले, "चूक माझी. मंदाकिनीला कळवायला हवं." परंतु वडिलांची बदली होऊन ती आठ दिवसांपूर्वींच गांव सोडोन गेली होती. सरांनीं पुसिलें, "पत्ता आहे का कुणाकडे?" पत्ता मजजवळ होता. मी खालीं मान घालोन बसलों.

एवंच, आरसा फुटला तो दगडूजींचे हातून, वीस चुकलें तें वहीचें, परंतु खोटें बोललों तो मी एकटा. याचें फार वाईट वाटतें. ही हकीकत तिलाच धाडावयाची म्हणोन लिहावयास घेतली, तों पत्ता तीस वर्षांचा जुना झाला आहे.