बदलले तेवढेच पाठवण्याबाबत

विषय : लिनक्सचे अपडेट पाठवताना फक्त बदललेला भाग पाठवणेबाबत.
संदर्भ : साळिंदर, सेवानिवृत्त कारकून, यांचा अर्ज.

बाळांनो, हाताची घडी घाला आणि ऐका.

एका जंगलात उपरोक्त साळिंदर राहत असे. अंगावर इतके टाक, की नोकरी कारकुनाचीच मिळाली. निवृत्तीनंतर त्याने संगणकावर लिनक्स घातले. का? तर फुकट होते, आणि चारचौघांत सांगायला बरे वाटते.

त्याच्या बिळात नेट जेमतेम येई. दिवसाचा डेटा ठरलेला. तो संध्याकाळसाठी राखलेला असे. तेव्हा पलीकडच्या जंगलातून त्याची नात व्हिडिओवर येई. तिला नुकते काटे फुटू लागले होते. रोज नवा काटा आजोबांना दाखवल्याशिवाय ती जेवत नसे.

एके दुपारी अपडेट आले. पत्रे लिहायच्या पॅकेजात एक शब्द दुरुस्त झाला होता. तेवढ्यासाठी अख्खे पॅकेज पुन्हा उतरले. डेटा संपला. संध्याकाळी नातीचे नाक तेवढे दिसले आणि पडद्यावर चक्र फिरत राहिले.

साळिंदर उखडला. त्याने पाच पानी अर्ज लिहिला. "जुनी प्रत आमच्या यंत्रात आहेच. फरक तेवढा पाठवा, जोडून आम्ही घेऊ." सोबत अकरा सहपत्रे.

अर्ज घेऊन तो पॅकेज भांडारात, म्हणजे अपडेट पाठवणाऱ्या कचेरीत गेला. टेबलावर खार होती. त्याच्याच हाताखाली तयार झालेली.

"रावसाहेब, तारीख कालची पडलीय."

"आण इकडे. एक आकडा तर बदलायचाय."

"खाडाखोड? छे! अर्ज नव्यानं लिहा. सहपत्रांसह, तीन प्रतींत."

"अगं, बाकी सगळं तेच आहे ना!"

"माझ्या रजेच्या अर्जाच्या वेळी मीही हेच म्हटलं होतं. तुम्ही चारदा लिहून घेतलात. तोवर घरी पिल्लांचे डोळे उघडले. मी इथे, याच टेबलाशी होते."

साळिंदराने भिंतीवरचा नियम वाचला. नियम स्वच्छ होता. अक्षर वळणदार होते. खाली सही त्याचीच.

तो घरी गेला आणि पहिल्या पानापासून लिहू लागला.

तात्पर्य : हाताखालच्यांना काम नीट शिकवू नये.

सदर अर्जात त्यानंतर दोन त्रुटी निघाल्या असून तो चौथ्यांदा सादर झाला आहे. नातीचे काटे पूर्ण वाढल्याचे कळते. अर्ज प्रलंबित आहे.