बदाम, दाणे आणि पणाला लागलेला चहा

"पुरावा काय?" हे दोन शब्द मी त्या संध्याकाळी गिळून टाकले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हातात चहाचा कप असला की माझ्या अंगात भलताच धीर संचारतो.

झालं होतं असं. बायकोला दवाखान्यातून आणायला गेलो आणि तिच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन घरी आलो. (एक्स-रे अगदी जपून आणला होता. बायको तिथेच बाकावर राहिली.) ऑफिसात मी जावक विभागाचा कारकून आहे. त्यामुळे असेल, डोक्यात काही आलं की ते ताबडतोब बाहेर रवाना होतं.

बायको लंगडत घरी आली, तेव्हा वरच्या मजल्यावरून तिचे आईवडीलही खाली उतरले.

"रोज भिजवलेले बदाम खा," सासूबाईंनी फर्मावलं. "बुद्धी कशी लख्ख होते बघा. आणि तो चहा आधी बंद! चहाने डोकं बधिर होतं."

बदामांशी माझं काही वाकडं नाही. पण चहा? दिवसभर पाकिटांवर पत्ते चिकटवणाऱ्या माणसाला दुसरं सुख तरी कुठलं असतं?

"पुरावा काय?" मी म्हणालो.

"हे काय, समोर बसलेत," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

'पुरावा' हा शब्द ऐकताच सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला. त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. "शाबास जावईबापू! प्रयोग करू."

झालं! पैज ठरली. मी आणि बायको, दोघांनी महिनाभर दूध प्यायचं. एकाच्या दुधात बदामाची पूड, दुसऱ्याच्या दुधात नुसती भाजलेल्या दाण्यांची. बदामवाल्याची स्मरणशक्ती जास्त सुधारली, तर माझा चहा जन्मभर बंद. नाही सुधारली, तर सासूबाई चहाबद्दल अवाक्षर काढणार नाहीत.

बदाम-दाणे दळून डबे भरायचं काम मी स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघराचं दार लावून एक पूड लाल झाकणाच्या डब्यात भरली, दुसरी निळ्या झाकणाच्या. चव कळू नये म्हणून दोन्हींत कोको घातला. बायकोला लाल, मला निळा. कशात काय आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही, कागदावर तर मुळीच लिहिलं नाही. म्हटलं, कुणाच्या हाती लागायला नको. गुपित फक्त माझ्या डोक्यात. (इथे हुशार वाचकाने कपाळावर हात मारला असेल. आमच्या घरात तेव्हा कुणीही मारला नाही.)

रोज संध्याकाळी सासरे ट्रेमध्ये घरातल्या वस्तू मांडत, क्षणभर दाखवत आणि वर टॉवेल टाकत. मग आम्ही आठवून सांगायचं. बायको पहिल्याच आठवड्यात सुसाट सुटली.

"कंगवा, बॅटरी, लसूण, बाबांचा चष्मा," ती धडाधड म्हणायची, "आणि कात्री. ही माझ्या बहिणीची. यांनी मागून आणली आणि अजून परत दिली नाही."

मी टॉवेल आठवायचो. एकदा तर इस्त्री सांगितली. सासऱ्यांनी मुद्दाम टॉवेल उचलून दाखवला. ट्रेमध्ये इस्त्री नव्हती, कधीच नव्हती.

मला मात्र चिंता नव्हती. बायकोच्या डब्यात दाणे असले, तर मी जिंकलोच होतो. आणि असणारच. बहुतेक. म्हटलं, वेळ आली की आठवेल.

वेळ आली. बायको अफाट फरकाने जिंकली होती. सासूबाईंनी दोन्ही रिकामे डबे घासून पुसून टेबलावर ठेवले. माझ्यापुढे वाफाळता चहा होता, कदाचित शेवटचा.

"सांगा जावईबापू," सासरे म्हणाले, "लाल डब्यात काय होतं?"

मी लाल झाकणाकडे पाहिलं. निळ्याकडे पाहिलं. छताकडे पाहिलं.

"कोको," मी म्हणालो.

"तो दोन्हींत होता!" बायको ओरडली. "अहो, बदाम कशात होते?"

माझं डोकं त्या डब्यांइतकंच स्वच्छ होतं.

"बदाम खाल्ले असते तर आठवलं असतं," सासूबाईंनी निकाल लावला. "म्हणजे यांच्या पोटात दाणेच गेले. बदाम जिंकले!"

"आणि बदाम खाऊनही विसरलो असेन तर?" मी जिवाच्या आकांताने म्हणालो. "मग बदाम हरले!"

"मी तर रोज त्या ट्रेकडे नीट बघत होते, एवढंच," बायको म्हणाली. "हे मात्र चहा कधी येतोय ते बघायचे."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "बदाम चांगलं खाणं आहे, दाणेही चांगले. पण लक्ष आपलं आपल्यालाच द्यावं लागतं, ते दुधात कालवून मिळत नाही. प्रयोग बाद! बदामांबद्दल काहीही सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे चहा चालू?" माझ्या जिवात जीव आला.

"बदामांबद्दल म्हणालो मी. जावयाबद्दल मात्र आता शंका उरली नाही."

सासूबाईंनी किटली उचलली आणि माझा कप काठोकाठ भरला. "प्या. पोटभर प्या. तुमचं आता चहाने काय बिघडणार आहे?"

"आई, असं बोलू नकोस गं," बायको हळूच म्हणाली. "मनाला लावून घेतील ते."

"घेऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत विसरतील."