हरण्यापुरतं बुद्धिबळ

मुंगीच्या आईनं बुद्धिबळ शिकायचं ठरवलं ते हरण्यासाठी. जिंकणं तिच्या स्वप्नातही नव्हतं. जिंकणारा माणूस घरात होताच, आणि सगळं दुखणं त्याच्यापासूनच सुरू झालं होतं.

तो माणूस म्हणजे मुंगीचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून. आता दुकान राहिलं नव्हतं, पण श्वास रोखायची सवय राहिली होती. ती ते बुद्धिबळाच्या पटावर वापरायचे. रोज संध्याकाळी सहा वाजता पट मांडायचा, नऊ वर्षांच्या नातीला समोर बसवायचं आणि वीस मिनिटांत तिच्या राजाला कोपऱ्यात गाठायचं. एक दिवस सुट्टी नाही.

"बाबा, एखाद्या वेळेस जिंकू द्या हो तिला," आईनं एकदा धीर करून म्हटलं होतं.

"सूनबाई," आजोबा सोंगट्या डबीत भरत म्हणाले, "बंद घड्याळ चालू आहे असं सांगून मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही."

(तिला उत्तर सुचलं, पण ते दुसऱ्या दिवशी भांडी घासताना.)

मुंगी म्हणजे मुलगी. घरात एका जागी कधी बसत नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव, ते चिकटलं. पण पटासमोर मात्र ती बसायची. हरायची, आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ ओढायची. त्रेपन्न रेघा झाल्या. त्रेपन्नाव्या रेघेनंतरच्या गुरुवारी तिनं शाळेतून एक चिठ्ठी आणली. शनिवारच्या बुद्धिबळ वर्गातून नाव काढून घ्यायची चिठ्ठी. खाली पालकांच्या सहीसाठी जागा.

"सही कर."

"का गं? तुला तर आवडतं ना?"

"आवडतं. पण मला डोकं नाहीये."

हे तिनं रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पायातल्या बुटाचं माप सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि दप्तरातून डबा काढून मोरीत नेऊन ठेवला.

आई तशी दिवसातून पाच-सहा वेळा घाबरायची (मुंगीला ठसका लागला तरी घाबरायची), पण हे जरा वेगळं होतं. तिचं स्वतःचं नाव सातवीनंतर शाळेतून निघालं होतं. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. एका कागदावर एक सही झाली होती, एवढंच. आणि त्याआधी बरेच दिवस तीसुद्धा सगळ्यांना सांगत होती की मला नाहीतरी जमतच नाही.

"महिनाअखेरीला करते सही," ती म्हणाली. हातात तीन आठवडे होते.

तीन आठवड्यांत मुंगीनं कुणाला तरी एकदा, एकदाच, हरवायला हवं होतं. आजोबांचा प्रश्नच नव्हता. मुंगीचे बाबा विजेच्या खांबांवर चढायचे. दिवसभर खांबावर काढून घरी आले की पटासमोर बसायचे आणि हातात घोडा धरून झोपी जायचे. राहिली कोण? आई.

सोंगट्या कशा चालतात ते तिला बघून बघून माहीत होतं. एका दुपारी ती मुंगीसमोर बसली आणि पाचव्या खेळीला आपला वजीर मुंगीच्या प्याद्याला तिरका मारता येईल असा नेऊन ठेवला.

मुंगीनं वजिराकडे बघितलं. मग आईकडे.

"वजीर असा कुणी ठेवतं का?"

"चुकून ठेवला गं. घे की."

"चुकून नाही. तू मुद्दाम हरतेयस." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे तुलासुद्धा वाटतं मला डोकं नाही."

आणि ती उठून गेली. वजीर तसाच उभा राहिला, देवाला सोडल्यासारखा.

तेव्हा आईच्या लक्षात आलं की पोराला पटेल असं हरायचं तर आधी खेळता यायला हवं. झोपेचं सोंग घेणाऱ्यालासुद्धा माणूस झोपतो कसा हे ठाऊक लागतं. ती वाचनालयात गेली.

"बुद्धिबळ?" वाचनालयातल्या बाईंनी वही उघडली. "दोन भाग आहेत. पहिला बाहेर गेलाय."

"कधी येईल?"

"गेल्या वर्षी यायला हवा होता."

"मग दुसरा द्या."

"अहो, पहिला वाचल्याशिवाय दुसऱ्यात काय कळणार?"

"मला हरण्यापुरतंच पाहिजे," आई म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि दुसरा भाग दिला.

दुसरा भाग सगळा डावाच्या शेवटाबद्दल होता. बहुतेक सोंगट्या मरून गेल्यावर पुढं काय करायचं, एवढाच विषय. पानोपानी पटाचं चित्र, आणि त्या मोठ्या पटावर तीन नाहीतर चार सोंगट्या. इथं एक राजा, तिथं एक राजा, मधे एखादं प्यादं. घर आवरून झाल्यावर दिसतं तसं दिसत होतं ते. आईला फार बरं वाटलं. सुरुवातीचा तो सोळा-सोळा जणांचा पसारा बघितला की तिला धाप लागायची. हे जमण्यासारखं होतं.

तिनं अभ्यास तिला माहीत होता तसा केला. म्हणजे पाठांतर. दुपारी घरात कुणी नसताना ती शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची. पुस्तक मशीनच्या चाकाशी टेकवायचं, दोन मोठी बटणं राजे, एक लहान बटण प्यादं, आणि पाय मशीनवर हलवत मोठ्यानं म्हणायचं: "राजा पुढे, प्यादं मागे. राजा पुढे, प्यादं मागे." शेजारीण एकदा दारात येऊन विचारून गेली, घरात कुणाला बरं नाही का म्हणून.

एक धडा तिच्या विशेष मनात बसला. दोन राजे समोरासमोर, मधे एकच घर मोकळं. अशा वेळी ज्याची पाळी असते त्याचंच वाईट होतं, कारण त्याला हटावंच लागतं. दुसऱ्यानं फक्त उभं राहायचं. आईनं हे तीनदा वाचलं आणि पुस्तक लिहिणाऱ्याबद्दल तिला आदर वाटायला लागला. मोरीचा नळ गळतोय यावरून तिचा आणि नवऱ्याचा दोन दिवस अबोला चालला होता. आतापर्यंत अशा अबोल्यात दरवेळी तीच आधी बोलायची. या खेपेला ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा पाना घेऊन मोरीत गेला.

(पुस्तक खरं होतं.)

अभ्र्यांचं मात्र वाटोळं झालं. काम देणारे दुकानदार शांत स्वभावाचे, पण त्या शनिवारी ते गठ्ठा घेऊन स्वतः घरी आले.

"ताई, हे अकरा अभ्रे बघा जरा."

"काय झालं? शिवण उसवली?"

"नाही नाही, शिवण पक्की आहे. चारी बाजूंनी पक्की आहे. उशी कुठून घालायची तेवढं सांगा."

अकरा अभ्रे उसवता उसवता तिनं हत्तीचे तीन धडे पाठ केले.

तिसरा आठवडा संपत आला तेव्हा ती मुंगीसमोर बसली. मनात ठरवलेलं पक्कं होतं: नीट खेळायचं, आणि अगदी शेवटी, कुणाला कळणार नाही असं, एक पाऊल चुकायचं.

पण पटावर गर्दी असताना तिला काही सुचायचं नाही. म्हणून तिनं आधी आवराआवर केली. घोड्याला घोडा, उंटाला उंट, वजिराला वजीर. मुंगीलाही समोरची सोंगटी उचलायला मिळाली की हौस, तीही पटापट मारत गेली. बघता बघता पट स्वच्छ झाला. इथं एक राजा, तिथं एक राजा, मधे आईचं एक प्यादं. पान सव्वीस.

आता चुकायचं.

हात पुढे झाला आणि बरोबर घरात पडला. पुढच्या खेळीलाही तेच. राजा पुढे, प्यादं मागे. मुंगीचा राजा एक एक घर हटत गेला, प्यादं शेवटच्या ओळीत जाऊन वजीर झालं, आणि शेजारी बसून बघणाऱ्या आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"सूनबाई, हे कुठं शिकलीस?"

"चुकून झालं, बाबा," आई म्हणाली. तिच्या अंगाला घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशीही चुकून झालं. तिसऱ्या दिवशीही. आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट अशी घडली की ती तिनं कुणालाही सांगितली नाही. मुंगीचा राजा हटला तेव्हा तिला आनंद झाला. चांगला मोठा आनंद. आयुष्यात सगळ्या गोष्टी तिनं कुणाला तरी विचारून केल्या होत्या, मीठ किती टाकू इथपासून. आता ही एकच गोष्ट अशी होती की तिला ती विचारल्याशिवाय येत होती. ती मुद्दाम विसरणं तिला जमेना.

मुंगी रडली नाही. तिनं वहीत रेघसुद्धा ओढली नाही.

"आता आईसुद्धा हरवते," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "उद्या शेवटची तारीख. सही कर."

चिठ्ठी समोर आली. पेन समोर आलं. आईनं पेन हातात घेतलं आणि तिला रडूच फुटलं.

"मुंगे, मी तुझ्याशी हरायला शिकले गं."

"काय?"

"तू एकदा जिंकावीस म्हणून. खरी खरी. म्हणून पुस्तक आणलं. पण त्यात सगळं जिंकायचंच निघालं. आता हात ऐकत नाही." नाक पुसत तिनं मशीनखालून पुस्तक काढून दाखवलं.

मुंगीला आधी राग आला. तिच्या नाकपुड्या फुगल्या. पण मग ती पानं चाळायला लागली, आणि चाळता चाळता थांबली.

"आई, यात नुसता शेवटच आहे."

"हो ना. पहिला भाग बाहेर गेलाय."

"म्हणजे सुरुवातीचं तुला काहीच येत नाही?"

"काहीच नाही. गर्दी असली की माझ्या डोळ्यापुढे अंधारी येते. म्हणून तर मी आधी सगळं मारून टाकते."

मुंगीनं पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फिरलं, आजोबांच्या चेहऱ्यावर घड्याळ उघडल्यावर फिरायचं तसं.

"मांड," ती म्हणाली.

आईनं पट मांडला. नेहमीसारखं प्यादं पुढे केलं. मुंगीनं मारलं नाही. आपलं प्यादं शेजारून पुढे सरकवलं. आईनं घोडा समोर नेला. मुंगीचा घोडा मागे गेला.

"मार ना."

"नको."

"अगं, फुकट मिळतोय."

"फुकट नाही मिळत, आई, तू माझा मारशील मग. मला काही द्यायचं नाही आणि काही घ्यायचं नाही."

दहा खेळ्या झाल्या तरी बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या पटावर. लग्नघर झालं सगळं. आईला आपला उंट सापडेना, सापडला तर त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. एका घोड्याकडे बघावं तर दुसरा उडी मारून येत होता. तिनं पाठ केलेलं सगळं आठवून बघितलं: राजा पुढे, प्यादं मागे. पण राजाच्या पुढे तिचीच सहा माणसं उभी होती आणि एकही हलायला तयार नव्हता. चौदाव्या खेळीला मुंगीनं वजीर आणला आणि घोड्याच्या जोरावर आईच्या राजाच्या नाकासमोर ठेवला.

"शह."

आईनं बघितलं. डावीकडे आपलाच हत्ती. उजवीकडे आपलाच उंट. मारावा तर वजिराला घोड्याचा जोर.

"आणि मात," मुंगी हळूच म्हणाली. मग तिनं मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, कारण हा सगळा प्रश्न शेवटी त्या चेहऱ्यावरच सुटायचा होता. आईचे कान लाल झाले होते, ओठ घट्ट मिटले होते आणि भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या. मुद्दाम हरलेल्या बाईचा चेहरा तो नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"थांब, तो घोडा तिथं कधी आला?" आई म्हणाली. "परत घे ती चाल. मी बघत नव्हते."

"परत घ्यायची नसते."

"असं कुठं असतं? अजून कुणी मेलंसुद्धा नाही! बाबा, तुम्ही सांगा हिला!"

आजोबा कधीचे मागे येऊन उभे होते. त्यांनी श्वास सोडला.

"मात आहे, सूनबाई. स्वच्छ मात आहे."

मुंगीनं चिठ्ठी उचलली, दोन तुकडे केले, मग चार, मग आठ, आणि घरभर धावत सुटली.

आईनं मनापासून देवाला हात जोडले. पोरीचं नाव राहिलं. हेच तर पाहिजे होतं. डाळ शिजेपर्यंत तिला अगदी हलकं हलकं वाटत होतं. मग तिनं गॅस बारीक केला, ओट्यावर बटणं मांडली आणि तो घोडा कुठून आला ते शोधत बसली. (डाळ लागली.) दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचनालयात जाऊन पहिल्या भागासाठी नाव लावून आली, आणि तो भाग नेऊन बसलेला माणूस राहतो कुठं याचीही चौकशी करून आली. त्या आठवड्यात ती मुंगीशी सहा डाव खेळली. सहाही हरली, अगदी खऱ्या खऱ्या.

शनिवारी मुंगी वर्गातून आली ती थेट आजोबांच्या समोर जाऊन बसली.

आई हात पुसत बाहेर आली. "आधी माझ्याशी एक डाव खेळ ना. आज मी वजीर आधी बाहेर काढणारेय."

"आज नको, आई." मुंगी सोंगट्या लावत होती, तिनं मान वर केली नाही. "आमच्या बाई म्हणतात, फार सोप्या माणसाशी रोज खेळलं की खेळ बिघडतो."

आजोबांनी पहिलं प्यादं सरकवलं.

"बरोबर सांगतात बाई," ते म्हणाले.