कॉस्टिक सोड्याची तक्रार

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कॉस्टिक सोड्याने प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली, की या महाविद्यालयात आपल्याला कोणीच घाबरत नाही.

तक्रार स्वच्छ अक्षरात होती. ॲसिडांच्या कपाटाला कुलूप आहे, लाल पाटी आहे, पाटीवर कवटी आहे. आपली बरणी मात्र साबणाच्या पुड्यांशेजारी उघड्या फळीवर. गेल्या पंधरवड्यात दोन शिक्षकांनी तिच्या झाकणावर चहाचे कप ठेवले. आठ दिवसांत दखल घेतली नाही, तर आपण साबणाच्या कारखान्यात जाऊ. तिथले लोक आपल्याला ओळखून आहेत, असं शेवटी लिहिलं होतं.

प्राचार्य उपळेकर नियमाला धरून चालणारे. त्यांनी अर्जावर आवक क्रमांक घातला आणि त्याच दिवशी बारा वाजता प्रयोगशाळेतच चौकशी लावली. टिपण लिहायला तिथल्या परिचर शशिकला ठोंबरे यांना बसवलं.

शशिकलाबाईंना हे काम जड गेलं. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या. सोड्याच्या पांढऱ्या गोळ्या त्यांनी कितीदा नुसत्या चिमटीने उचलून तराजूत टाकल्या होत्या आणि बोटं पदराला पुसली होती. अर्जात नाव कुणाचंच नव्हतं, पण 'कोणीच' या शब्दात आपला नंबर पहिला, हे त्या मनातल्या मनात समजून होत्या. शिवाय सोडा गेला असता तर तोंडावर आलेली बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा अडली असती.

पहिली साक्ष सल्फ्युरिक ॲसिडची झाली. ते जुनं, जड, मोजकं बोलणारं. प्राचार्यांना वाटलं होतं, ते स्वतःचंच मोठेपण सांगेल. त्याने उलटच सांगितलं. आपण कातडीला लागलो की माणूस तिथल्या तिथे ओरडतो आणि नळाकडे धावतो. सोड्याचं तसं नाही. तो बोटांना बुळबुळीत लागतो, माणसाला वाटतं साबण आहे, आणि तो दुखू न देता आत उतरत जातो. डोळ्यात गेला तर आपल्यापेक्षाही वाईट.

"मान मला मिळतो," ॲसिड म्हणालं, "पण जपून राहायचं ते यांच्यापासूनच जास्त."

शशिकलाबाई हे उतरवून घेत होत्या. टिपणाला जोडायचा म्हणून अर्ज मघापासून त्यांच्या डाव्या हातात होता. सोडा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि अर्ज त्याने स्वतः लिहिलेला, त्यामुळे कागद ओलसरच होता. बोटं एकमेकांवरून सरकायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, घाम आला असेल.

"बाई," सोडा म्हणाला, "तो कागद खाली ठेवा. हात नळाखाली धरा."

"दुखत नाही हो काही."

"तेच तर मी लिहिलंय."

चौकशी थांबली. शशिकलाबाईंनी नळ सोडला. आम्लाने अल्कलीचा जोर मरतो हे प्राचार्यांना शाळेपासून पाठ होतं. ते लगबगीने व्हिनेगरची बाटली शोधायला लागले. त्यावर सोडा आणि ॲसिड या दोघांनीही एकदम हरकत घेतली. बाईंच्या कातडीवर आमची गाठ घालू नका, उष्णता निघेल, हात आणखी भाजेल. नुसतं पाणी हवं, वाहतं आणि भरपूर. सोड्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वीस मिनिटं सांगितली.

पाच मिनिटं झाली तरी बुळबुळीतपणा जाईना. बोटांची टोकं पांढुरकी दिसत होती. आणि तसं उभं असताना शशिकलाबाईंच्या मनात आलं, की ज्या पदराला आपण बोटं पुसतो, त्याच पदराने संध्याकाळी दोन वर्षांच्या नातवाचे डोळे पुसतो. त्यांनी कोपराने पदर मागे सारला आणि नळ आणखी मोठा सोडला.

"भ्याले मी," त्या हळूच म्हणाल्या.

पदराची आणि नातवाची गोष्ट त्यांनी सांगून टाकली. मग सोड्याने विचारलं, नातू बरा आहे ना. बरा आहे, त्या म्हणाल्या. सोड्याला हायसं वाटलेलं दिसलं. बाई घाबरल्या ही गोष्ट तेवढी टिपणात यावी, अशी त्याने विनंती केली. बाईंचे हात ओले, म्हणून प्राचार्यांनी स्वतः लेखणी घेतली आणि लिहिलं: 'दुपारी १२.४० वाजता एक कर्मचारी घाबरल्या. तक्रारीत तथ्य आढळले.'

सोड्याने कारखान्याचा विचार सोडून दिला. बरणीला खालच्या कप्प्यात वेगळी जागा झाली, हातमोजे आले, चष्मे आले. शशिकलाबाईंची बोटं आठवड्यात बरी झाली. आता गोळ्या चमच्याने काढताना त्या आधी "येऊ का?" असं विचारत आणि तो हो म्हणे. इतक्या वर्षांत त्यांची एकमेकांशी ओळखच झालेली नव्हती, असं दोघांनाही वाटत होतं.

परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला पहिल्या बाकावरच्या मुलीने बरणीकडे बोट दाखवून विचारलं, की मावशी, हा नेमकं काय करतो.

"त्यालाच विचार," शशिकलाबाई म्हणाल्या.

मुलगी बरणीवर वाकली.

"आधी चष्मा लाव," सोडा म्हणाला, "मग सांगतो."