उके मॅडमच्या वर्गात चंद्राला बंदी

आमच्या शाळेत मोबाइलला बंदी आहे, तंबाखूच्या खर्र्याला बंदी आहे आणि आठवीच्या वर्गात चंद्राला बंदी आहे. पहिल्या दोन बंद्या वरून आल्या, त्या कोणी फारशा मनावर घेत नाही. तिसरी उके मॅडमने घातली. ती मोडून अजून कोणी सुटलेलं नाही.

एखाद्या पोराने 'चंद्रासारखे मुख' म्हणायचा अवकाश, मॅडमचा खडू हवेतच थांबतो. "कोणाच्या घरून आणली रे ही उपमा? ज्याची आहे त्याले वापस करून ये." मग त्या पोराने खरोखर वर्गाबाहेर जायचं, व्हरांड्यातून एक फेरी मारायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी घेऊन परत यायचं. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो. माझ्या त्रैराशिकाच्या ऐन रंगात उपमा शोधणारी पोरं खिडकीतून डोकावत असतात.

आमचं गाव तिरोड्यापासून जवळच. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि लांबवर वीज प्रकल्पाच्या चिमण्या. मॅडम इथे बदलून आल्या त्याला सहा वर्षं झाली. शाळेमागे भाड्याची एक खोली घेऊन एकट्याच राहतात. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. अलंकार म्हणजे चार मार्कांचा मामला, तो आम्ही सगळे परीक्षा तोंडावर आली की उरकतो. मॅडम तो शाळा उघडल्यापासून खेळत असतात. एकदा त्यांनी अख्ख्या वर्गाला हातपंप व्हायला लावलं. चेतनगुणोक्ती म्हणे! एकेक पोरगं उठून हातपंपाचं गाऱ्हाणं सांगू लागलं. "सारं गाव माझा हात ओढून राहिलं, पण बाबू कसा आहेस म्हणून कोणी पुसत नाही." अतिशयोक्तीच्या आठवड्यात 'शाळेतली डाळ एवढी पातळ, का तिच्यात डोंगा वल्हवता येते' हे वाक्य फळ्यावर लिहिलं गेलं आणि नेमके तेव्हाच हेडमास्तर वर्गात शिरले.

मीही सुटलो नाही. एकदा चहा पिता पिता मी म्हटलं, "मॅडम, या खेळानं पोट भरते का?" त्यांनी कप खाली ठेवला. "सर, तुमचा तास म्हणजे उन्हाळ्यातली बांधी. लय आखीव, उगवत काहीच नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. राग याचा आला की रूपक बरोबर होतं.

यंदा हिवाळ्यात सराव परीक्षा झाली. आमच्याकडे पेपरांची अदलाबदल होते. आमच्या पोरांचे पेपर शेजारगावच्या पटले गुरुजींकडे गेले. अलंकारांची उदाहरणं लिहा, असा प्रश्न होता. पेपर परत आले तेव्हा बावीस पोरांना त्या प्रश्नात बावीस शून्यं. कारण गाइडमधलं उदाहरण एकानेही लिहिलं नव्हतं. पायल नावाच्या मुलीने लिहिलं होतं, 'धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईची बोटं भिजलेल्या पापडासारखी होतात.' त्यावर लाल फुली.

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, झाला तेवढा खेळ पुरे. सोमवारपासून गाइड घ्या. पोरं नापास झाली तर पालक मले धरतील." शाळा सुटताना पायल मॅडमजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी आता चंद्रच लिहू का?"

मॅडमचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. क्षणभरच. मग म्हणाल्या, "सर, गाडी काढा."

"कायले जाता? गुरुजी कोणाचं ऐकत नाहीत."

"ऐकतील. नाहीतर मी बसून राहीन."

त्या बसून राहतील याबद्दल मला शंका नव्हती. शनिवारची सकाळची शाळा होती, दुपार मोकळी. पेपर आणि पोरांच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्या माझ्या मागे बसल्या.

पटले गुरुजी अंगणात धान वाळत घालत होते. "पोरांनी उतरवलं असेल कुठून तरी," ते म्हणाले. मॅडमने गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. "हे जूनपासूनचं आहे, गुरुजी. वाचा. मी मार्कांची भीक मागून नाही राहिली. वाचून उपमा नाही वाटली, तर तुमची फुली मले कबूल."

गुरुजींनी नाइलाजाने चष्मा लावला. दोन-तीन वह्यांनंतर ते हसले. "'चिमणी म्हणजे गावचा बुढा आजा, दिवसभर बिडी फुकते.' हे बरं आहे!" मग त्यांनी पेन काढलं. मास्तरच तो, वही हातात आली की खूण केल्याशिवाय राहवत नाही. तासाभरात पेपरांवरचं एकेक शून्य खोडलं गेलं. पायलला पूर्ण मार्क मिळाले.

शेवटची वही हातात घेऊन गुरुजी थांबले. "ही तेविसावी कोणाची? हिच्यावर ना शेरा, ना सही."

मॅडम उठल्याच. "ती चुकून आली. द्या इकडं."

पण गुरुजींनी वही उघडली होती. अक्षर मॅडमचं होतं. पोरांना दिलेला प्रत्येक गृहपाठ तारीख टाकून, समास सोडून त्यांनी स्वतःही केला होता. उघडलेल्या पानावर विषय होता 'माझा रविवार'. खाली लिहिलं होतं, 'रविवारी माझी खोली सुटीतल्या शाळेसारखी असते. सगळं जागच्या जागी, फक्त हजेरी द्यायला कोणी नसतं.'

गुरुजींनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग पोरांच्या वह्यांवर केली तशीच बरोबरची खूण त्यांनी त्या पानावर केली, सही केली आणि शेरा लिहिला, 'छान. असेच लिहीत जा.'

आम्ही परत निघालो. बावीस पोरांचे मार्क परत आणले होते, सोमवारी गाइडही टळणार होतं. मी थट्टा करणार एवढ्यात आरशात दिसलं, त्या वही उघडून बसल्या होत्या. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत माझा गृहपाठ पहिल्यांदाच कोणी तपासला."

मी गाडी हळू केली. म्हटलं, "उद्या रविवार आहे. वही घेऊन आमच्या घरी जेवायला या. बाकीची पानं मी तपासतो."

"तुम्हाले जमते का, सर, अलंकार?"

"नाही जमत," मी म्हटलं. "हजेरी तर घेता येते."