दात पाहून घेतलेली करवत

जनावर असो, जावई असो की यंत्र असो, मला एकदा पाहिलं की कळतं! उगाच सांगत नाही. मी पारखून घेतलेला ढवळ्या बैल मेला, तो अर्धं वावर नांगरून देऊन मगच मेला. उरलेलं अर्धं त्याने मेल्यावर नांगरलं असं गावात अजून बोललं जातं. मी त्यावर काही बोलत नाही. आपली स्तुती आपण करू नये.

तेव्हा साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात पहिली साखळीची करवत मी आणली, यात नवल काहीच नव्हतं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. सुरतेच्या रस्त्यावर एक भलामोठा निंब आडवा पडला होता आणि एक माणूस पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीने तो कापत होता. मी टपरीवर चहा घेतला. पहिला घोट घेतला तेव्हा निंब होता, बशी खाली ठेवली तेव्हा सरपण होतं! त्याच क्षणी ठरवलं, आपल्या दारात हे यंत्र पाहिजे.

गरजही तशीच होती. आमची कुंदा लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. सोबत जावई रतिलाल आणि विहीणबाई भिकुबाई. या भिकुबाई चाळीसगावच्या, जंक्शनच्या गावच्या! लग्नाच्या पंगतीतच मला म्हणाल्या होत्या, "नाना, तुमच्याकडे पुरणपोळी खापरावरच होते ना? की चपातीत गूळ घालून काम भागवता?"

हे ऐकून आमच्या यशोदाचा चेहरा जो तापला, त्यावरच एक पोळी भाजून निघाली असती! तिने तिथेच आमंत्रण दिलं, "आखाजीले या. खापरवरनी पोळी कशी ऱ्हास ते दखाडस तुमले."

आता खापराची पोळी म्हणजे काही तव्यावरचं काम नाही. पालथ्या घमेल्याएवढं मातीचं खापर, त्याखाली लाकडांचा धगधगता जाळ, आणि दोन्ही हातांवर झुलवत झुलवत धोतराएवढी केलेली पोळी! घरात गॅस होता. पण गॅसवर खापर ठेवणं म्हणजे हत्तीला पाटावर जेवायला बसवणं. लाकडंच हवीत.

लाकूड होतं, अंगणात वाळून लोखंड झालेला बाभळीचा बुंधा. दरवर्षी आखाजीआधी पुना कुऱ्हाड घेऊन यायचा आणि असला बुंधा फोडून रचून द्यायचा. त्या वर्षीही आला. मी ओट्यावरूनच म्हणालो, "पुना, कुऱ्हाड आता देव्हाऱ्यात ठेव आणि फूल वाहत जा. आमच्याकडे मशीन येतंय!"

पुना काही गरीब गाय नव्हता. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो म्हणाला, "ठीक शे, नाना. पण मले परत बलावशात तवय मी आसाच येवाव नही, बरं का!"

यशोदा आतून ओरडली, "कुंदाना बाप! आधी लाकडे फोडी ल्या, मंग मशीन आना!"

बायकांना यंत्रयुग कळत नाही. मी धुळ्याची एसटी धरली.

एकटा नाही गेलो. सोबत पितांबर आबाला घेतलं. पितांबर आबा म्हणजे बैलबाजारातला दलाल. बैलाचा जबडा उघडून तो नुसतं वय नाही, बैलाच्या मामाचं गाव सांगायचा! यंत्र झालं तरी काय, दात असलेलं जनावरच ते. आबा गाडीतच मला बजावत होता, "नाना, तुम्ही तोंड उघडू नका. दात देखा बिगर सौदा नही!"

हारूनभाईचं दुकान बाजारात. इंजिनं, फवारणीचे पंप, पाइप, असला सगळा माल. त्याने तीन करवती काढून फळीवर मांडल्या, लहान, मधली आणि मोठी.

"नाना, ही लहान घ्या," हारूनभाई म्हणाला. "हलकी आहे, हाताला झेपते. घरच्या सरपणाला हीच बरी."

आबाने लहान करवतीकडे असं पाहिलं, जसं पैलवान कुस्तीच्या फडात आलेल्या शेंबड्या पोराकडे पाहतो. "हाई तर गोऱ्हा शे! अजून दूध पिस."

मधलीच्या पाठीवर त्याने थाप मारली, कान लावला, मान हलवली. "ही बसकी शे. कामाच्या वेळेला बसी जाई."

मोठी करवत म्हणजे काय सांगू! तिचं पातं माझ्या हाताएवढं लांब. आबाने एकेका दातावरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटून म्हणाला, "बठ्ठा दात साबूत शेतस. नाना, हाऊ खरा बैल!"

"अहो पण," हारूनभाई कळवळला, "चूल पेटवायची आहे की सातपुडा उतरवायचा आहे? ही लाकडाच्या ठेकेदारांसाठी आहे!"

"शेपटी पिरगाळल्याशिवाय बैलाचं पाणी कळत नाही," असं म्हणून आबाने करवतीची दोरी खस्सकन ओढली. हारूनभाई "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत यंत्र डरकाळलं! आबा एका उडीत युरियाच्या गोण्यांवर. समोरच्या दुकानातले मापारी रस्त्यावर. हारूनभाईने बटण दाबून यंत्र बंद केलं, तेव्हा आबा गोण्यांवरूनच म्हणाला, "पानीदार शे! घ्या!"

मग भाव ठरवायची वेळ आली. आबाने खांद्यावरचा रुमाल हारूनभाईच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली. बैलबाजाराची रीतच आहे ती. भाव बोटांनी बोलायचा, तोंडाने नाही. आबा दोन बोटं दाबतोय, हारूनभाई हात ओढतोय.

"आबा, बोटं सोडा! भाव पाटीवर लिहिलाय!"

"पाटी सोडा! बोट बोला!"

शेवटी आपली बोटं शाबूत राहावीत म्हणून हारूनभाईने काहीतरी कमी केलं. देवदाराच्या जाड फळ्यांच्या खोक्यात भुसा भरून करवत ठेवली आणि मला बाजूला घेतलं. "नाना, मन मानत नाही माझं. जमली नाही तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी परत आणा, मी लहान देतो. पण खोक्यासकट, जशी दिली तशी. खोकं नसेल तर कंपनी मला उभं करत नाही."

"परत?" मी हसलो. "हारूनभाई, आमच्या घराण्यात घेतलेलं जनावर परत जात नाही!"

गावात नवा बैल आणतात तसंच आणलं तिला. फाट्यावर बैलगाडी, गाडीत खोकं, खोक्यावर मी, पुढे वाजंत्री! वाटेत पुना आपल्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. त्याने वाजंत्र्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू तोंडात टाकली. दारात यशोदाने ओवाळलं, पण हळद-कुंकू असं फेकलं की करवतीपेक्षा माझ्याच कपाळावर जास्त बसलं.

आता खरं काम. अंगणात अख्खी गल्ली जमली. आबाने यंत्राला एक फेरी मारली आणि मध्येच थबकला. वाकून पात्याच्या खालच्या बाजूला पाहिलं.

"नाना! दगा!"

"काय झालं?"

"खाले देखा! हाई तर मालकना आंगवर दात काढस!"

पाहिलं तर खरंच! पात्याच्या खालच्या अंगाचे सगळे दात माझ्याकडे तोंड करून. आबा म्हणाला, "ज्या जनावरानं मालकाकडे दात केले, ते मारकं. त्याचं तोंड आधी फिरवायचं." यंत्रासोबत पाना आलाच होता. आम्ही साखळी काढली, उलटी केली आणि परत चढवली. आता खालचे सगळे दात लाकडाकडे पाहत होते आणि मालक सुरक्षित!

"आते तेल पाजा," आबा म्हणाला. हारूनभाईने पेट्रोलमध्ये चमचाभर तेल घाला असं सांगितलं होतं. पण नव्या बैलाला कधी कोणी चमच्याने तेल पाजलंय का? आबाने बांबूची नळी आणली आणि पाजलं, चांगलं गळ्यापर्यंत.

मी दोरी ओढली. यंत्र खोकलं. पुन्हा ओढली. यंत्र शिंकलं. तिसऱ्यांदा ओढली आणि जो धूर निघाला म्हणता! निळा, काळा, पांढरा, तीन-तीन रंगांचा धूर! गल्ली दिसेना, गाव दिसेना. सुरतेच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांनी भरदुपारी दिवे लावले. पिंपळनेरच्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात गेल्या, आणि हे मला पिंपळनेरच्या माणसानेच सांगितलंय!

"आग! आग!" करत शेजारची तानुबाई हंडा घेऊन धावली आणि अख्खा हंडा ओतला. यंत्रावर नाही, माझ्यावर!

मी ओल्या अंगाने करवत बाभळीवर टेकवली. यंत्र गरजतंय, बुंधा थरथरतोय, जमीन हादरतेय, पण भुसा काही उडेना! मी जोर लावला. आबाने माझ्या पाठीवर जोर लावला. आबाच्या पाठीवर गल्लीतल्या दोघांनी जोर लावला. यंत्र दमून आपोआप बंद पडलं तेव्हा बाभळीवर जिथे घासलं होतं, तिथे आरशासारखी चकाकी आली होती. यशोदा वाकून पाहायला लागली आणि त्यात बघून तिने कुंकू नीट केलं!

समोरच्या ओट्यावरून पुना म्हणाला, "नाना, मशीन झकास शे! लाकूडनी मालिश करी ऱ्हायनं!"

गल्ली हसली. मी म्हणालो, "नवं जनावर आहे. पहिल्या दिवशी कामाला जुंपू नये."

दुसऱ्या दिवशीही जुंपलं, तिसऱ्या दिवशीही. बाभूळ दिवसेंदिवस अधिक सुंदर दिसू लागली. लाकूड मात्र एकही नाही. यशोदा माझ्याशी बोलायची बंद झाली. ती फक्त खापराशी बोलायची, आणि तेही मला ऐकू जाईल असं!

आणि उजाडली आखाजी.

कुंदा आली, जावई आले, भिकुबाई आल्या. भिकुबाईंनी चुलीकडे पाहिलं, राख गार. खापराकडे पाहिलं, खापर गार. मग गोड आवाजात म्हणाल्या, "काही घाई नाही हो नाना. चपात्या केल्या तरी चालतील."

कुंदाने मान खाली घातली. सांगतो तुम्हाला, मी आयुष्यात लांडग्याला घाबरलो नाही, एकदा तर वाघालाच वाट दाखवून दिली, पण पोरीची खाली गेलेली मान बघवेना. ती मला हळूच म्हणाली, "बाबा, आईने पुरण पहाटेच वाटून ठेवलंय. तुम्ही फक्त लाकडांचं बघा ना!"

मी अनवाणी पुनाकडे धावलो.

"पुना, बाबा, चल! कुऱ्हाड घे!"

पुना अडून बसला. "मी आसाच येवाव नही, सांगेल व्हतं ना?"

"मग कसा येशील?"

"मशीन वाजत-गाजत आनं व्हतं. मनी कुऱ्हाडनं काय घोडं मारेल शे?"

करतो काय! वाजंत्री शोधले. आखाजीचा दिवस, ते पत्त्यांच्या डावात रंगलेले. हातापाया पडून उठवले. बैलगाडी जुंपली. गाडीत पाटावर कुऱ्हाड, कुऱ्हाडीला हार, कुऱ्हाडीशेजारी छाती काढून पुना, आणि पुढे डोक्यावर टोपी, हातात निरांजन घेऊन मी! मिरवणूक निघाली, आणि पुना लबाड, सरळ रस्त्याने येईना. "मारोतीले दर्शन." थांबलो. "पारवर नारळ." थांबलो. झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणी गाणी सोडून आमच्याकडे बघून हसत होत्या. त्यातली एक तर हसता हसता झोक्यावरून पडली.

चालता चालता मी मनाशी पक्कं ठरवलं. आज पुना लाकडं फोडील, पोरीची लाज राहील, आणि उद्या पहिल्या एसटीने ही मारकी म्हैस हारूनभाईच्या दारात! लहान करवत आणायची. घराण्याचं नाव काय, घराणं नंतर बघून घेईल.

दाराशी पोचलो आणि वाजंत्री बंद करायला हात वर केला, तोच नाकात वास शिरला. तुपाचा! पुरणाचा! खापराखाली जाळ फणफणत होता, यशोदाच्या हातांवर पोळी झुलत होती आणि भिकुबाई पाटावर बसून तिसरी पोळी दुधात कुस्करत होत्या.

"नाना!" भिकुबाई तोंडभर म्हणाल्या. "अशी पोळी चाळीसगावात नाही हो!"

कुंदाची मान आता इतकी वर होती की आढ्याला लागेल असं वाटलं. माझेही डोळे भरून आले. पुना मात्र हार घातलेली कुऱ्हाड घेऊन दारात तसाच उभा. "लाकडे कथाईन उनात?" त्याने विचारलं.

मीही तेच विचारलं. "यशोदे, लाकडं कुठून आणलीस?"

ती पोळी खापरावर टाकत शांतपणे म्हणाली, "तुमना मशीननी दिधात."

"मशीनने? सुरू झालं?"

"नही," ती म्हणाली आणि फुंकणीने चुलीकडे दाखवलं. जाळात एक देवदाराची फळी तडतडत होती. तिच्यावर कंपनीची निळी अक्षरं होती. शेवटची दोनच शिल्लक होती, तीही माझ्या डोळ्यांदेखत काळी पडली. "खोकं मस्त वाळेल व्हतं. भुसावर तर जाळ लागताच धरना!"

दुसऱ्या दिवशी तरी मी करवत गोणपाटात गुंडाळून, आबाला सोबत घेऊन धुळ्याला गेलो. यशोदाने हारूनभाईसाठी डब्यात दोन पोळ्या दिल्या होत्या. हारूनभाईने आधी पोळ्या खाल्ल्या, बोटं चाटली, "वा, भाभी!" म्हणाला. मग गोणपाट सोडलं. साखळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा साखळीकडे पाहिलं.

"हे दात कोणी फिरवले?"

मी पितांबर आबाकडे वळून पाहिलं. आबा समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी म्हशीचं वय सांगत होता.

हारूनभाईने साखळी सुलट केली, जुनं तेल ओतून नवं भरलं, दोरी ओढली आणि दुकानामागचा सागाचा ओंडका लोण्यासारखा कापला. "यंत्राला काही झालेलं नाही. पण जड आहे तुम्हाला. चला, दिलेला शब्द. बदलून देतो. खोकं काढा."

"खोकं," मी म्हणालो, "परत केलंय."

"कुठे?"

मी त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं.

ती करवत अजून आमच्या गोठ्यात आहे. पोळ्याला तिलाही रंगवतो. उचलायला चार माणसं लागतात, त्यामुळे ती कापत काही नाही. वाजंत्री मात्र दर आखाजीला पुनाच्या दारी जातात, आणि निरांजन घेऊन पुढे कोण असतं, ते विचारू नका.